भावसुनेशी बोलण्यापुरतं फ्रेंच

जबलपूर, सोमवार ता. ८ ऑगस्ट १९३२

बाबूच्या बायकोचं फ्रान्सहून पत्र. सगळं फ्रेंच. शाळेतून आल्यावर डिक्शनरी घेऊन बसलो, दिवेलागणीपर्यंत अर्धंमुर्धं लागलं. डिसेंबरात मुलीला घेऊन येते म्हणते. मार्चपर्यंत राहीन, पुढचं तिथे आल्यावर ठरवू. हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा तपासलं. 'ठरवू' असंच आहे.

आईला सांगितलं. आधी पदर डोळ्यांना, मग लगेच हुकूम. "पोरगी इथंच राहिली पाहिजे नारायणा. बाबू गेला, त्याचं तेवढंच उरलं. तिची मायही राहू दे, मी कुठं नाही म्हणून राहिली? तू समजावून सांग तिला."

कोणत्या भाषेत, ते नाही सांगितलं. लुईझला इंग्रजी येत नाही, हे बाबूनेच लग्नाच्या वेळी कळवलं होतं. आईला मराठी आणि बाजारापुरती हिंदी, सौ.लाही तेच. उरलो मी, पंचेचाळिशीतला, वह्या तपासून डोळे गेलेला इंग्रजीचा मास्तर. म्हणजे फ्रेंच आता मीच शिकायचं. बाबूचं सगळं निस्तरायला मी होतोच, हेही करू.

हे रागाने लिहिलं. गेलेल्या भावावर काय रागवायचं. पण आलाय राग, तर आलाय.

रवि. १४ ऑगस्ट

कोर्स कोणता घ्यावा, यात आठवडा गेला. शाळेत ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. ज्यांना एक अक्षर येत नाही ते जास्त ठामपणे सांगतात. हेडमास्तर म्हणाले, "फ्रेंच? बायकांची भाषा हो ती." त्यांना कसं ठाऊक कोण जाणे.

शेवटी कलकत्त्याहून घरबसल्या शिकायचं पुस्तक मागवलं. व्ही. पी. येईल.

शुक्र. २ सप्टेंबर

पुस्तक आलं, अर्धं झालंही. सगळं पुस्तक हॉटेलात उतरलेल्या साहेबासाठी लिहिलेलं. हमाल, माझी पेटी कुठे आहे. हे सूप गार आहे. मला नदीकडची खोली द्या. ज्याच्या घरी भावाची विधवा येणार आहे त्याने काय म्हणावं, हे एका पानावर नाही.

पहाटे नळाला पाणी येण्याआधी तासभर बसतो. तीन वाक्यं पाठ होतात, संध्याकाळी दोन विसरलेली असतात. गंमत नाही आता या वयात.

शनि. १७ सप्टेंबर

मुंबईच्या एका संस्थेचा टपालाने चालणारा कोर्सही सुरू केला. धडा येतो, आपण लिहून पाठवायचं, ते तांबड्या शाईने सुधारून परत. हा कोर्स चांगला आहे. मास्तर कडक आहे. वीस वर्षं मी पोरांच्या वह्यांवर जे करत आलो ते आता माझ्या वहीवर होतंय. बरं नाही वाटत, एवढं खरं.

पण टपालात आवाज येत नाही. अक्षरं लिहिलेली पाच, त्यातली म्हणायची दोन. कोणती दोन, ते देवाला ठाऊक.

गुरु. २९ सप्टें.

शाळेतल्या जोशी मास्तरांकडून ग्रामोफोन आणि फ्रें. शिकवायच्या तबकड्या आणल्या. कुणा साहेबाच्या लिलावात घेतल्या होत्या त्यांनी. तबकडीतला माणूस गाडी सुटल्यासारखा बोलतो. त्याला थांबवता येत नाही, विचारता येत नाही. मी त्याच्यामागून नाकात बोलत बसलो.

सौ. आतून आली. "सर्दी झाली का तुम्हाले? काढा करू?"

म्हटलं, फ्रेंच आहे. म्हणाली, "अच्छा. मग असंच असते का ते?" आणि हसत हसत पोळ्या लाटायला गेली. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

रवि. ९ ऑक्टोबर

तात्पर्य: पुस्तकाने शब्द मिळतात, टपालाने व्याकरण मिळतं, तबकडीने कान तयार होतो. तोंड उघडायचं तर समोर माणूस पाहिजे.

सदर बाजाराकडे पाँडिचेरीचे एक पेन्शनर राहतात, फ्रें. घरच्यासारखं बोलतात, असं कळलं. आज गेलो. फार प्रेमाने बसवलं. दोन तास त्यांच्या पुतण्याशी चाललेला जमिनीचा खटला ऐकला, फ्रेंचमधून. मी 'वी', म्हणजे होय, म्हणालो, 'आ बों', म्हणजे असं का, म्हणालो, आणखी काही म्हणायला फटच नव्हती. निघताना म्हणाले, तुमची प्रगती उत्तम आहे.

रवि. २३ ऑक्टो.

पेन्शनरांकडे तिसऱ्यांदा. खटला हायकोर्टात गेला. आता नाही जाणार.

शनि. ५ नोव्हेंबर

जोशी मास्तरांच्या ओळखीने एका कॉन्व्हेंटातल्या म्हाताऱ्या फ्रेंच सिस्टरकडे गेलो. सिस्टर आन्येस. परवानगी मिळाली: शनिवारी दुपारी, बाहेरच्या व्हरांड्यात, शेजारी दुसरी एक सिस्टर विणत बसेल. हरकत काय.

या इथे उभा जन्म काढलेल्या. हिंदी आपल्या गल्लीतल्या बायकांसारखी बोलतात. मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. ऐकून घेतलं. मग, "मास्टरजी, ये सब किताब है. अब आप बोलिए. घर में कौन-कौन हैं?"

पाच मिनिटं लागली मला, आई आहे, बायको आहे, भाऊ होता, एवढं सांगायला. 'होता' म्हणताना अडखळलो. भूतकाळ टपालाच्या धड्यात नुकताच झाला होता, येत नव्हता असं नाही.

शेजारच्या विणणाऱ्या बाईने चष्मा पुसला.

शनि. २६ नोव्हें.

चौथा शनिवार. सि. रागावतात. "आप जवाब नहीं देते, घूमते हैं." विचारलं, बाग आवडली का? मी म्हणालो, बाग मोठी आहे, झाडं पुष्कळ, आपल्यासारख्यांच्या देखरेखीत काय कमी. त्या म्हणाल्या, आवडली की नाही ते सांगा. आता हे असं तोंडावर कोण सांगतं? पण म्हटलं, 'वी'.

थकून येतो, पण इथे शिकतो हे खरं. एवढे पैसे, एवढी टपालं, आणि शिकवणारी बाई आपल्या गावातच होती. आधी कुणी बोललं असतं तर.

रवि. ११ डिसेंबर

आल्या.

स्टेशनवर मेल आली, सेकंड क्लासातून उंच, किडकिडीत, काळा कोट घातलेली बाई उतरली. हाताशी सहा वर्षांची मुलगी. भुवया बाबूच्या. थेट. मी चार महिने घोकलेलं स्वागताचं वाक्य गिळून बसलो. शेवटी 'बोंझूर' एवढंच. लुईझने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, बाबूने शिकवला असणार.

मुलीचं नाव सिमोन. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "सुमन." चला, एक प्रश्न मिटला.

बुध. १४ डिसें.

मोठीच पंचाईत. आमच्यात जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, भावसुनेशी समोरासमोर बोलू नये. आई आजही पाळते, माझे थोरले काका ओसरीवर असले की ती आत. आणि इथे भावसुनेशी बोलू शकणारा घरात मी एकटा. आई खाटेवरून सांगते, सौ. चुलीपासून सांगते, मी मध्ये तोंड भिंतीकडे करून फ्रें. बोलतो. लुईझला वाटलं मी तिच्यावर रागावलोय. तसं तिने विचारलंही. काय सांगणार? चाल आहे म्हणालो. कसली चाल, म्हणाली. इतकं फ्रेंच मला येत नाही.

आजपासून तोंड तिच्याकडे करून बोलतो. आईने पाहिलं, चालवून घेतलं.

सोम. १९ डिसें.

सौ.ची आणि लुईझची आज जुंपली. ती स्वयंपाकघरात जोडे घालून गेली. सौ. मराठीत बोलली, ती फ्रेंचमध्ये. मला हाका. मी दोघींचं निम्मंच दुसरीला सांगितलं, म्हणून मिटलं. दुभाष्याला एवढी मुभा पाहिजे.

शुक्र. २३ डिसें.

आज आईने तो प्रश्न विचारलाच. "तिला विचार, बाबू शेवटी काय म्हणाला."

विचारलं. लुईझ आधी सावकाश बोलली, मग भरभर, मग रडायला लागली आणि रडता रडताच बोलत राहिली. मला थंडी कळली, खिडकी कळली, 'आई' हा शब्द दोनदा कळला. बाकी सगळं निसटत होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणालो, 'प्लु लांत्मां', जरा सावकाश. रडणाऱ्या बाईला! तिने डोळे पुसले आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द करून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. माझ्यामुळे तिला ते दोनदा सांगावं लागलं.

बाबूने खिडकी उघडायला लावली होती, बर्फ पडत असताना. इथे फार कोंदतंय, आईला म्हणावं अंगणात खाट टाक, असं म्हणाला. मराठीत म्हणाला. तिला अर्थ कळला नव्हता, आवाज लक्षात ठेवले होते. 'खाट' आणि 'आई'सकट सगळे तिने तसेच म्हणून दाखवले.

मी आईला सांगितलं. पुढचं लिहवत नाही.

रवि. ८ जानेवारी १९३३

मुलगी आता दिवसभर आईच्या खाटेवर. दोघी काय बोलतात देव जाणे, दोघींचं चाललेलं असतं. आईचा जुना दमाही जरा बसलाय. सौ. लुईझला पोळ्या लाटायला शिकवून राहिली आहे. पोळी कुठल्यातरी बेटाच्या नकाशासारखी होते. तरी आम्ही खातो.

आई रोज मला कोपऱ्यात घेऊन, "राहायचं विचारलं का?" मी, "विचारतो."

रवि. २२ जाने.

सगळे भेडाघाटला. आई नाही आली. नावेत लुईझ माझ्यासमोर. संगमरवरी कड्यांकडे बघत होती, मग एकदम वळून म्हणाली, "आम्ही इथेच राहावं, सिमोनने इथे शाळेत जावं, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं का?"

आपण होऊन विचारलं! सहा आठवडे मी ज्याच्यासाठी शब्द जुळवत होतो ते तिनेच काढलं. माझा आनंद पोटात मावेना. मी म्हणालो, "नों, नों, आमच्यासाठी म्हणून तुम्ही अडचण सोसू नका. तुमच्या मनाप्रमाणे." फार शुद्ध बोललो. तांबडी शाई कुठेही लागली नसती. आता ती पुन्हा विचारील, मग मी जरा नाही-होय करीन, मग सांगीन.

तिने पुन्हा विचारलं नाही. 'बिएं', बरं, म्हणाली. मुलगी पाण्यात हात घालत होती, तिला मागे ओढलं. परतताना तिला घेऊन नावेच्या दुसऱ्या टोकाला बसली. दमली असेल.

बुध. २५ जाने.

लुईझने मुंबईच्या बोट-एजंटचा पत्ता मागितला. मार्चची दोन तिकिटं ठरवायची आहेत.

पत्ता दिला. सौ.ला सांगितलं. "तुम्ही नावेत काय बोलले तिला?" जे बोललो ते शब्दशः सांगितलं. विचार करून म्हणाली, "बरोबरच तर बोलले. घरच्या माणसानं आणखी काय बोलावं? एकदम हो, राहा, म्हणून गळ्यात पडायचं का? पण मग तिनं पुन्हा काहून नाही विचारलं?"

तेच तर. काहून नाही विचारलं?

शनि. २८ जाने.

सि. आन्येसकडे गेलो, धडा नको म्हणालो, आणि झालेलं सांगितलं. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे मास्टरजी! उसने पूछा, आपने ना कह दिया. वो और क्या करे?"

म्हटलं, ते 'ना' तसलं नव्हतं.

"हमारे यहाँ एक ही तरह का होता है."

मग त्यांची गोष्ट सांगितली. इथे नव्या आल्या तेव्हा एका वकिलाच्या घरच्या बाई भेटायला आल्या. सि.नी चहा विचारला. बाई 'नाही नाही, कशाला' म्हणाल्या. सि.नी बरं म्हटलं आणि तासभर कोरड्या गप्पा मारल्या. बाई पुन्हा आल्या नाहीत. गावात झालं की मेम साध्या चहालाही विचारत नाही. कित्येक वर्षांनी कुणीतरी उलगडून सांगितलं.

मला शरम वाटली आणि रागही आला. पुस्तक, टपाल, तबकडी, पेन्शनर, कुणी म्हणून हे शिकवलं नाही. सि. रागावत होत्या, जवाब द्या म्हणून, तेव्हा मला वाटलं बोलण्याच्या सरावासाठी रागावतात. आणि ती बिचारी परक्या देशात, नवरा गेलेला, हिंमत करून विचारते, राहू का. आणि जेठ तोंडावर सांगतो, नको. काय वाटलं असेल तिला!

सि. म्हणाल्या, "अब जाके सीधा बोलिए. आपके पास शब्द बहुत हैं."

बुध. १ फेब्रुवारी

शब्द आहेत. तोंड नाही. चार दिवस झाले. मोठ्या दिराने धाकट्या भावजयीची विनवणी करायची, हे आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. सकाळी ठरवतो, संध्याकाळी वह्या घेऊन बसतो. तिकिटं पक्की झाल्याचं पत्र आलं. ती ट्रंक उन्हात घालून राहिली आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. आई मुलीला पाढे शिकवतेय. बे एके बे. फ्रेंच नाकातून.

शनि. ४ फेब्रु.

आईला कळलं. सौ.नेच सांगितलं, बरं केलं. मला वाटलं आई रडेल. ती रागावली. "बाबू जातो म्हणाला तेव्हाही तू असाच बोलला होता, जशी तुझी मर्जी. तुमच्या या रीतभातीच्या पायी माझी माणसं घराबाहेर जाऊन राहिली." आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

 

मंगळ. ७ फेब्रु.

बोललो.

सकाळी लुईझ ओसरीवर मुलीची वेणी घालत होती. आई खाटेवर, सौ. दारात. समोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, नावेत मी चूक केली. मी नाही म्हणालो, ते खरं नव्हतं. 'रेस्ते.' राहा. आम्हाला हवंय तुम्ही राहायला. आईला हवंय. माझ्या बायकोला हवंय. मला हवंय. क्रियापद चुकलं हे म्हणतानाच कळलं, तसंच पुढे रेटलं.

लुईझने वेणी सोडली. माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले. मग मान खाली घालून, हळू, मराठीत म्हणाली, "नको, भाऊजी."

आणि पुन्हा वेणी घालायला लागली.

ती घरात आल्यापासून पहिल्यांदा मला भाषांतर करावं लागलं नाही. सगळ्यांना कळलं. मी शाळेत गेलो. काय शिकवलं आठवत नाही.

संध्याकाळी मी परत आलो तर घरात वाद. सौ. म्हणते, "मराठीत बोलली ना ती? मग? दोन महिने जेवते माझ्या हातचं, पहिलं नको धरायचं नसते एवढं तिला कळून राहिलं आता. पुन्हा विचारा." आई म्हणते, "शब्द आपला असंल, मन तर तिचंच आहे. ती नाही म्हणते म्हणजे नाही." दोघी माझ्याकडे बघतात. फ्रेंच मलाच येतं ना.

ओसरीवरून आवाज येतोय, ती मुलीला काही वाचून दाखवते आहे. तिकिटं रद्द करायची तर या आठवड्यात मुंबईला तार गेली पाहिजे. उद्या सकाळी पुन्हा विचारतो. भीती एकच वाटते. या वेळी ती फ्रेंचमध्ये बोलेल.